दहा मिनिटांत पोहोचणारं माणूस

साताऱ्याच्या आमच्या घराचं मागचं दार गेल्या दिवाळीत फोडलं गेलं. आई तेव्हा पुण्याला माझ्याकडे होती. देवघरातली चांदीची निरांजनं, दोन पितळी घागरी, भरलेला सिलिंडर आणि बाबांचं मनगटी घड्याळ, एवढं गेलं. पंचनामा झाला, भारतीय न्याय संहितेच्या ३३१ आणि ३०५ या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला, सुताराने दार सांधून दिलं. तेव्हापासून आई रात्री दोन-तीनदा उठते आणि मागच्या दाराची कडी चाचपून येते. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्याकडे मुक्कामाला असताना मामांनी पाहिलं आणि मला फोन केला.

म्हणून संक्रांतीला गेले ती तीन कंपन्यांची कोटेशनं घेऊनच. अलार्म बसवायचा आणि त्यावर चोवीस तास कंपनीची देखरेख ठेवायची, हे मी ठरवूनच टाकलं होतं. तिघांतली कोणती, एवढंच मामांना विचारायचं होतं. त्यांनी तीस वर्षं सातारा, कराड, वाई, फलटण भागातल्या बँकांच्या शाखांत अलार्म बसवले. स्ट्राँगरूमच्या दारावरचे सेन्सर, कॅशियरच्या पायाशी असलेला स्विच, बाहेरच्या भिंतीवरचा हूटर, हे सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही कोटेशनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि घडी करून ठेवून दिली.

"घंटा वाजल्यावर येणार कोण, हे यातल्या एकानेही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"देखरेख केंद्र आहे ना, मामा. रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. दरमहाचे पैसे त्याचेच."

"बसलेली कुठे?"

"एकाचं केंद्र गुरुग्रामला, दुसऱ्याचं मुंबईला. तिसऱ्याने दिलेलं नाही."

"म्हणजे दार साताऱ्यात फुटणार आणि दिवा गुरुग्रामला लागणार. पुढे?"

मी सगळी साखळी सांगितली. सेन्सर पॅनेलला कळवतो. पॅनेल सिमवरून किंवा ब्रॉडबँडवरून केंद्राला कळवतं. तिथला माणूस आधी घरमालकाला फोन करून परवलीचा शब्द विचारतो. शब्द चुकला किंवा फोनच उचलला नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करतो. कुणीच सापडलं नाही तर पोलिसांना.

"पोलिसांना कोणत्या नंबरवर?"

"११२."

"पोरी, ११२ चा फोन जिथून लावला जातो तिथल्या राज्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचतो. तू इथून लावलास तर महाराष्ट्रात उचलला जाईल. त्यांनी गुरुग्रामहून लावला तर हरियाणात. मग हरियाणाच्या माणसाला सातारा कुठे, साताऱ्यातली ही शाहूपुरी कुठे, हे समजावत बसायचं, आणि इकडे चोर घागरी उचलतोय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिथूनच फोन लावले. साताऱ्यातल्या घराचा अलार्म वाजला तर तुमचा माणूस नेमका कोणता नंबर फिरवतो, एवढाच प्रश्न विचारला. एकाने "विचारून कळवतो" म्हटलं. दुसऱ्याने ११२ सांगितला. मुंबईवाल्या मुलीने मात्र दोन मिनिटं थांबवून ०२१६२ ने सुरू होणारा पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर वाचून दाखवला आणि वर विचारलं, "तुमचं घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं तेही सांगून ठेवा, मॅडम." कंपनी निवडताना "नेमका कोणता नंबर फिरवता" याच्याइतका उपयोगी प्रश्न मला नंतरही सापडला नाही. तीन रंगीत पत्रकं रात्रभर वाचून जे कळलं नव्हतं ते या एका प्रश्नाने कळलं.

मामांचं एवढ्याने समाधान होण्यासारखं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: कंपनीच नको. मागच्या दाराला नीट अडसर घालायचा, दोन सेन्सर, एक बॅटरी आणि बाहेरच्या बाजूला मोठ्या आवाजाचा हूटर. घंटा गल्लीला ऐकू गेली पाहिजे, गुरुग्रामला नाही.

"गल्ली कुठे राहिलीय, मामा?" मी विचारलं. "मोजा ना. डावीकडचा बंगला कायम बंद, मुलं कॅनडात. त्याच्या पलीकडचा बिल्डरला दिला, आता तिथे पत्रे ठोकलेत. समोरच्या सरांना ऐकू कमी येतं. उजवीकडे काकू एकट्या आणि त्यांचे गुडघे. तुम्ही ज्या गल्लीच्या भरवशावर हूटर लावायला सांगताय, ती माझ्या लहानपणची. तेव्हा बाबांची सायकल पडली तरी चार दारं उघडायची. आता हूटर वाजला तर ऐकणार कोण? आणि ऐकलं तरी दार उघडून बाहेर कोण येणार?"

मामा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी माणूस इथलंच लागतं."

"लागतंच. पण त्या माणसाला कुणीतरी उठवावं लागतं. तेवढ्यासाठी मी पैसे देतेय."

मी त्यांना न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांच्याबद्दल सांगितलं. त्या नर्स होत्या, नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा अडनिड्या, त्यामुळे त्या अनेकदा रात्री घरी एकट्या असत, आणि त्या भागात बोलावल्यावर पोलीस यायला वेळ लागायचा. १९६६ मध्ये त्यांनी नवऱ्याबरोबर घराच्या सुरक्षायंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर बघायची भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, चित्र झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर, दारातल्या माणसाशी बोलायची सोय, बिछान्यावरून दार उघडायचं बटण आणि मदत बोलवायचं वेगळं बटण. १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. आज आपण विकत घेतो त्यातलं बरंचसं घरी एकट्या असणाऱ्या एका बाईच्या रात्रीतून आलेलं आहे.

"बाई हुशार," मामा मनापासून म्हणाले. "पण बघ, तिलाही शेवटी मदत बोलवायचं बटण वेगळं ठेवावंच लागलं. कॅमेऱ्याने चोर दिसतो, थांबत नाही."

"अलार्मने थांबतोही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी शिक्षा झालेल्या ४२२ घरफोड्यांना विचारलं होतं. घरात अलार्म आहे का, हे आधी बघतो म्हणणारे सुमारे ८३ टक्के. असला तर दुसरं घर शोधू म्हणणारे ६० टक्के."

"ते अमेरिकेतले चोर, आणि पकडले गेलेले. न पकडलेल्यांना कोण विचारणार? तरी मानतो मी. हूटरचा डबा बाहेरून दिसला पाहिजे, हे मीही बँकवाल्यांना सांगायचो. पण तिथलीच दुसरी बाजूही ऐक. अमेरिकेत पोलिसांकडे जाणाऱ्या चोरघंटांतल्या ९४ ते ९८ टक्के खोट्या निघतात, हे तिथल्या न्याय विभागाच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर २००० च्या डिसेंबरपासून ठरवूनच टाकलं, की आधी कुणीतरी जाऊन खात्री करा, मगच आम्ही येऊ. लांडगा आला रे आला झालं की गाव उठत नाही. आणि घंटा खोटी वाजते ती यंत्र वाईट म्हणून नाही. बसवणाऱ्याला घर कळलेलं नसतं."

इथे मामा उठले. हात हवेत फिरवत भिंती दाखवू लागले, आणि पुढचा पाऊण तास मी फक्त ऐकलं. तो पाऊण तास मी इथे आटोपता घेत नाही, कारण पत्रकं नेमकं हेच सांगत नाहीत.

खोलीतला हलता माणूस ओळखणाऱ्या सेन्सरला या धंद्यात सगळे पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त वाचतो. त्याच्या पांढऱ्या भिंगात अनेक पट्टे असतात. ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की त्याला बदल जाणवतो. म्हणून समोरून आडवं जाणारं माणूस तो चटकन पकडतो आणि सरळ त्याच्याकडेच चालत येणारं उशिरा. तो दारासमोर लावायचा नसतो. दारातून आलेल्याला त्याच्यासमोरून आडवं जावं लागेल अशा कोपऱ्यात लावायचा, साधारण सात फुटांवर. उन्हाची तिरीप पडणाऱ्या खिडकीकडे, हलणाऱ्या पडद्याकडे आणि गॅसकडे त्याचं तोंड नको. एप्रिल-मे महिन्यात बंद घराच्या भिंती माणसाच्या अंगाइतक्या तापल्या की त्याला माणूस आणि भिंत यांतला फरकच कमी दिसतो. चांगल्या सेन्सरमध्ये त्यासाठी तापमानाप्रमाणे जुळवून घ्यायची सोय असते, आणि ती आहे का हे विचारून घ्यायचं.

"आणि पाल," मामा म्हणाले. "एका शाखेत तीन रात्री लागोपाठ दोन वाजता हूटर. मॅनेजर, वॉचमन, पोलीस, सगळे हैराण. चौथ्या दिवशी मॅनेजरने सेन्सरच काढून टाकायला सांगितला. मी शिडीवर चढलो तर भिंगावर पालीची पावलं. दिव्याजवळ किडे, किड्यांसाठी पाल, आणि सेन्सर नेमका ट्यूबलाइटशेजारी लावलेला. पाल लहान असते, पण भिंगावरच बसली की त्याला केवढी मोठी वाटते! सेन्सर चार फूट सरकवला. परत कधी वाजला नाही."

दाराला लावायचं चुंबकी सेन्सरचं जोडपंही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. चौकटीवर एक तुकडा, दारावर चुंबक. दोघांतलं अंतर वाढलं की घंटा. "पण साताऱ्याचा पाऊस विसरू नकोस. जुलैत तुमचं मागचं दार फुगतं, पूर्ण बसत नाही. आई त्याला खांदा लावते. तेवढ्या फटीने रोज खोटी घंटा वाजेल आणि ऑगस्टमध्ये ती स्विच बंद करून टाकेल. आधी दार रंधा मारून घ्यायचं, मग चुंबक. आणि तुझ्या या कोटेशनात मागच्या दाराला काय दिलंय, वाचलंस?"

वाचलं. पुढच्या दाराला सेन्सर, दिवाणखान्यात पीआयआर, फाटकावर कॅमेरा. मागच्या दाराला काहीच नव्हतं. तिघांतल्या दोघांनी घर न बघता फोनवर विचारून आराखडा केला होता.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," मामा म्हणाले. "जो माणूस घरात न येता भाव सांगतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही."

विजेचं आणि सिमचं मी फार लांबवत नाही, पण विचारायला चुकू नये. वीज गेल्यावर पॅनेल त्याच्या बॅटरीवर चालतं, पण ब्रॉडबँडचा राउटर बंद पडतो, म्हणून पॅनेलात स्वतंत्र सिम हवं. ते पॅनेल फक्त टूजीवर चालणारं असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं जाळं फोरजीपासून सुरू होतं. आणि रिचार्ज संपला की सिम मुकं होतं, त्याची आठवण कुणाला येत नाही. कंपनीचं सिम असेल तर रिचार्ज तिच्याकडे, आपलं असेल तर आपल्याकडे. केंद्राला पॅनेलकडून ठरलेल्या वेळाने आपोआप "मी जिवंत आहे" असा संदेश जातो का आणि तो चुकला तर आपल्याला फोन येतो का, हेही विचारायचं. हा मुद्दा माझ्या बाजूचा होता. एकटा हूटर बंद पडला तर ते चोरी झाल्यावर कळतं. देखरेखीतलं पॅनेल मुकं झालं तर केंद्राला कळायला हवं, आणि त्यासाठीच ते केंद्र आहे.

मामांनी ते मान्य केलं. "बँकेत आम्ही महिन्याला एकदा जाऊन वाजवून बघायचो. घरी कोण बघतंय?"

आम्ही कॅमेऱ्यांवर आलो तेव्हा आवाज चढले होते. मला स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीत कॅमेरा हवा होता, मोबाइलवर बघता येणारा. आई पडली, चक्कर आली, तर मला पुण्यात कळावं म्हणून. मामा नाहीच म्हणत होते.

"अमेरिकेत डॅलसकडे एका मोठ्या अलार्म कंपनीच्या तंत्रज्ञाने काय केलं माहितेय? कॅमेरे बसवताना गिऱ्हाइकांच्या खात्यात स्वतःचा ईमेल घालून ठेवला आणि काही वर्षं लोकांच्या घरात बघत बसला. नऊ हजारांहून जास्त वेळा. २०२१ मध्ये त्याला शिक्षा झाली. कुंपणानेच शेत खाल्लं."

"म्हणून कॅमेरा नकोच का? खात्याला कोण कोण जोडलेलं आहे ते आपण तपासायचं, पासवर्ड आपण बदलायचा. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेरे सुरक्षेच्या चाचणीतून पार पडल्याशिवाय विकता येत नाहीत. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. कंपनी चित्रं कुठे ठेवते, किती दिवस ठेवते, हे आपण आधीच विचारून घ्यायचं."

"कायदा चोरी झाल्यावर कामाला येतो. बघणाऱ्याने बघून झालेलं असतं."

"मग आई पडली तर?"

"पडली तर, पडली तर. तुला चोर अडवायचाय की आईवर नजर ठेवायचीय?"

आई दारात उभी होती. हातात गुळाच्या पोळ्यांचं ताट. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"स्वयंपाकघरात कॅमेरा नको," ती म्हणाली. "मी पहाटे पदर खोचून, केस मोकळे सोडून काम करते. ते मी तुला दाखवेन, तू आलीस की. मोबाइलमध्ये नाही."

मी गप्प झाले. घर तिचं, दार तिचं, आणि सकाळपासून आम्ही दोघं तिच्याविषयी बोलत होतो, तिच्याशी नाही. मला तेव्हा मनापासून लाज वाटली.

मामांना वाटलं, ताईने आपली बाजू घेतली. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. ताई, तुला हे कंपनीबिंपनी काही नको. हूटर लावू आणि शेजारी सांगून ठेवू."

"शेजारी ऐकू जात नाही," आई म्हणाली. "मी ओरडून बघितलंय."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. दुपारी चार वाजता मागच्या पडवीत उभी राहून उजवीकडच्या काकूंना हाका मारल्या. सहा-सात वेळा, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्यांचा टीव्ही चालू होता. सरांकडेही नाही ऐकू गेलं. मग घरात आले आणि दार लावून घेतलं."

मामा ताटाकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्यांनी आवाज किती लांब जातो याचा हिशेब केला, त्यांची सख्खी बहीण पडवीत उभी राहून तोच हिशेब एकटी करत होती. त्यानंतर दिवसभरात ते एकदाही "कंपनी नको" म्हणाले नाहीत.

आईला काय हवं ते तिने पोळीवर तूप वाढता वाढता सांगितलं. उशाशी एक बटण, अंधारात हाताला लागेल असं. ते दाबल्यावर फोन शोधायला लागू नये, नंबर आठवायला लागू नये. पहाटे पाचला फुलं तोडायला बाहेर गेली तर घंटा वाजू नये. आणि आकडे बारीक नकोत.

हे सगळं या यंत्रांत असतं, फक्त मागून घ्यावं लागतं. संकटाचं बटण चोवीस तास जागं राहणाऱ्या वेगळ्या झोनवर ठेवता येतं, म्हणजे अलार्म बंद असला तरी ते चालतं. घरात माणूस असताना फक्त दारं-खिडक्या जाग्या आणि आतले पीआयआर निजलेले, अशी रात्रीची वेगळी सोय असते. बाहेरून आल्यावर कोड दाबायला साधारण अर्धं मिनिट मिळतं. ते आईच्या चालीने मोजून वाढवून घ्यायला हवं. कुणी धमकावून अलार्म बंद करायला लावलं तर त्यासाठी दुसरा एक कोड असतो: अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो, पण केंद्राला गुपचूप निरोप जातो. आईने तो कोड तिथल्या तिथे ठरवला. अर्थातच मी इथे लिहीत नाही.

मामांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली, ती सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. बसवणाऱ्याकडे पॅनेलचा एक मूळ कोड असतो, सगळं बदलू शकणारा. "मी इतकी पॅनेलं बसवली, कितीतरींचा कोड एकच ठेवला. लक्षात ठेवायला सोपं जायचं. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तू विचार. बसवून झाल्यावर तो तुझ्यासमोर बदलायला लाव."

संध्याकाळी आम्ही मुंबईवाल्या कंपनीचा करार ओळीओळीने वाचला. तीन वर्षांची बांधीलकी, मधेच सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे. पॅनेल त्यांच्या मालकीचं, आपल्याकडे भाड्याने. करार संपला की आपोआप वाढणार. कंपनीला तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची मुभा. चोरी झाली तर नुकसानीची जबाबदारी नाही. मला वाटत होतं की हे असंच असतं, सही करून मोकळं व्हायचं. मामा म्हणाले, हे सगळं बोलून बदलतं, आणि खरंच काही बदललं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने फार जास्त दंड लावणं त्यात येतं, आणि ग्राहकाला न विचारता त्याचं नुकसान होईल असा करार दुसऱ्याच्या हवाली करणंही. मी तेवढ्या दोन मुद्द्यांवर मेल लिहिला. तीन वर्षांचं एक वर्ष झालं, पॅनेल विकत घेता येईल असं कळलं, आणि ते दुसऱ्या कंपनीच्या केंद्रालाही जोडता येतं हे लेखी आलं. नुकसानीचं कलम मात्र तसंच राहिलं, ते कुणीच काढत नाही. त्यासाठी विमाच हवा, आणि तोही वाचून. आमच्या घराची भारत गृह रक्षा पॉलिसी होती, पण तिच्यात आग किंवा पूर अशा विमा असलेल्या घटनेनंतर सात दिवसांत झालेलीच चोरी धरली जाते. साध्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. दिवाळीनंतर ते आम्हाला कळलं, तोवर वरातीमागून घोडं.

गस्तीची गाडी साताऱ्यात नाही, हे त्या मुलीने सरळ सांगितलं. पुढेमागे कुणी रखवालदार देऊ केला तर त्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालचा राज्याचा परवाना आहे का ते बघायचं, असं मामांनी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. मामांनी त्याला फुटलेला जुना कोयंडा दाखवला. तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर होता आणि ते स्क्रू चौकटीच्या कडेच्या कुजक्या लाकडात होते. एका पहारीचं काम. आता आतून आडवा लोखंडी अडसर, चौकटीच्या गाभ्यापर्यंत जाणारे लांब स्क्रू, आणि पडवीला ग्रिल.

"हे तुझ्या पॅनेलच्या आधी," ते म्हणाले.

"का? घंटा वाजणार आहे ना?"

"कोयंडा एका झटक्यात निघाला तर घंटा वाजेपर्यंत तो आत असतो. अडसराने त्याला दहा मिनिटं बाहेर झगडत ठेवलं पाहिजे. घंटा पहिल्या धक्क्याला वाजली पाहिजे. म्हणून चुंबकाबरोबर दाराला कंपनाचा सेन्सरही लाव. मग त्या दहा मिनिटांत केंद्राने फोन लावायचे आणि कुणीतरी पोहोचायचं. आता तुझ्या त्या फॉर्मवर बघ, काय विचारलंय."

फॉर्मवर तीन ओळी होत्या. अलार्म वाजल्यावर ज्यांना फोन करायचा त्यांची नावं, क्रमाने. त्यापुढे एक छोटा रकाना: घरापासून अंतर. मी तिन्ही ओळी आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या. पहिलं माझं नाव. दुसरं माझ्या नवऱ्याचं. तिसरं मामांचं.

माझ्या नावापुढे मी प्रामाणिकपणे ११० किलोमीटर लिहिलं होतं. खंबाटकीत गाड्या तुंबल्या नाहीत तर अडीच तास. मामा कोडोलीला, त्यांच्या स्कूटरवर पंधरा मिनिटं, आणि रात्री त्यांना नीट दिसत नाही हे ते कबूल करत नाहीत, पण मला माहीत आहे.

मी फॉर्म पुढ्यात ओढला आणि माझं नाव खोडलं. हात जड झाला होता. आईच्या अडचणीत पहिला फोन मला यावा, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग नवऱ्याचं खोडलं. मामांचं दुसऱ्या ओळीत घेतलं. माझं पुन्हा लिहिलं, तिसऱ्या ओळीत. पहिली ओळ मोकळी राहिली.

"समोरच्या सरांचा नातू आलाय राहायला," आई म्हणाली. "इथल्या कॉलेजात आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत वरच्या खोलीत दिवा असतो त्याचा. मला दिसतो, मी कडी बघायला उठते तेव्हा."

"तू बोललीस कधी त्याच्याशी?"

"नाही. नाव पण माहीत नाही मला."

मामा पायांत चपला सरकवत होते. आईने तीळगुळाचा डबा उघडला, वाटीत मूठभर काढला आणि वर दुसरी वाटी पालथी घातली. फॉर्म आणि पेन मी घेतलं. आम्ही तिघं रस्ता ओलांडून सरांच्या फाटकाशी गेलो आणि मी बेल दाबली.